धागा: परसातल्या कोंबडीची पिसं का जातात? जागा, बूड आणि वेळ बघून कारण ओळखणे

कोयनाकाठ (कराड)

गणपती झाले की गटात एकसारखे फोटो यायला लागतात. मान उघडी पडलेली, पाठ लाल झालेली, शेपूट गायब. खाली प्रश्नही एकच, "कोणतं औषध देऊ?" औषधाच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात म्हणून हा धागा काढतोय. पीस कुठलं गेलंय, बुडाशी काय उरलंय, आणि वर्षाचे कोणते दिवस आहेत. एवढं नीट सांगितलं की बहुतेक वेळा कारण तिथंच कळतं.

जागा:
डोक्यापासून सुरू होऊन मान, छाती, पाठ, पंख, शेपूट असं क्रमानं जात असेल तर ती वार्षिक पीसगळ. फक्त पाठ आणि मानेचा मागचा भाग गेला असेल तर कोंबडा. शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या जागेभोवती गेलं असेल तर टोचाटोची किंवा किडे. फक्त पोट आणि छातीखालचा भाग उघडा असेल तर खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी, नाहीतर खाली ओलं अंथरूण.

बूड:
ही गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते आणि हीच कुणी बघत नाही. उघड्या भागावर बोट फिरवा. निळसर-पांढरे, मेणचट वेष्टणातले अणकुचीदार कोंब लागले तर पीस आपणहून गळून नवं येतंय, काळजी नको. मोडलेल्या काड्यांचे खुंट लागले तर पीस घासून किंवा ओढून तुटलंय. हे खुंट पुढच्या पीसगळीपर्यंत तसेच राहतात, कारण जुनं बूड पडल्याशिवाय त्याच छिद्रातून नवं पीस येत नाही. कातडी गुळगुळीत, लाल आणि जाड झाली असेल तर तो त्रास जुना आहे. बुडाशी पांढऱ्या साखरेच्या दाण्यांसारखे गठ्ठे दिसले तर त्या उवांच्या लिखा.

वेळ:
आपल्याकडे जूनमध्ये दिवस १३ तासांच्या थोडा वर असतो, डिसेंबरात ११ च्या आसपास येतो. दिवस आखडायला लागला की एक वर्षावरची कोंबडी पिसं टाकते. म्हणून भाद्रपद ते मार्गशीर्ष ही पीसगळीची वेळ. पूर्ण व्हायला ८ ते १२ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. या काळात अंडी कमी होतात किंवा थांबतात, ते बरोबरच आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये मान झडली तर बाहेरचं कारण शोधा. पाणी एक दिवस तुटलं, खुराडं बदललं, खाद्य अचानक बदललं, उन्हाचा तडाखा बसला, यातल्या कशानेही अर्धवट पीसगळ होते.

पीसगळ कुठवर आलीय हे पंख उघडून कळतं. पंखाच्या मध्यावर एक आखूड पीस असतं. त्याच्या बाहेरच्या बाजूला दहा मोठी पिसं. गळ या आखूड पिसाजवळून सुरू होऊन टोकाकडे जाते. नवं मोठं पीस पूर्ण वाढायला साधारण सहा आठवडे लागतात. एका वेळी दोन-तीन मोठी पिसं टाकणारी कोंबडी लवकर उरकते आणि लवकर अंड्यावर येते. लवकर गळायला लागून एकेक पीस टाकत बसणारी सहसा कमी अंड्यांची असते. कोंबड्या कमी करायच्या असतील तर फाटकं अंग बघून काढू नका. उशिरा गळणारी, दिवाळीनंतरही विस्कटलेली दिसणारी कोंबडी बऱ्याचदा कळपातली सगळ्यात चांगली असते, आणि बाजारात पहिली तीच जाते याचं वाईट वाटतं.

---

गावरान_तासगाव

छान मांडलंय. एक भर. उघड्या मानेची जात वेगळी असते, तिला जन्मापासूनच मानेवर पिसं नसतात. तसंच उफराट्या, कुरळ्या पिसांची गावरान कोंबडीही असते. दोन्ही उपजत. पिल्लू विकत घेतल्यावर "मान गेली" म्हणून औषध पाजणारे खूप आहेत. उपजत उघड्या मानेवर एकही खुंट लागत नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या असतात.

कडकनाथचं कातडं, तुरा, जीभ काळीच असते. तिथं "तुरा काळा पडला" हे लक्षण धरू नका, तुऱ्याचा ताठपणा आणि तजेला बघा.

पीसगळीत खाद्य काय द्यायचं यावर कुणीतरी आकडे टाका. नुसती ज्वारी-मका टाकणाऱ्यांच्या कोंबड्या पौष उजाडला तरी उघड्या असतात.

---

पलूस_परसबाग

खाद्याचं मी सांगते. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, आणि त्यात गंधक असलेली अमिनो आम्लं जास्त लागतात, मुख्यतः मेथिओनिन. धान्यात ती कमी, सोयापेंडीतही मेथिओनिन थोडं कमीच. सुकटीत चांगली असतात. म्हणून थोडी सुकट घालावीच. एक किलोचा हिशेब:

मक्याचा भरडा ५५० ग्रॅम
सोयापेंड २०० ग्रॅम
गव्हाचा किंवा भाताचा कोंडा १५० ग्रॅम
सुकट, कुटून, ८० ग्रॅम
खनिज मिश्रण २० ग्रॅम

यात प्रथिनं साधारण १९-२० टक्क्यांच्या आसपास बसतात. सुकट खारी असते, वरून मीठ घालू नका. जास्त मिठानं कोंबडी पाणी-पाणी करते, हगवण लागते आणि मरतेही. सुकट वापरत नसाल तर मीठ किलोला ३ ते ४ ग्रॅम, त्याहून जास्त नाही.

पेंड म्हणजे तेल काढलेली. आपल्याकडे घरचं सोयाबीन असतं म्हणून कच्चं भरडून घालतात, ते पचत नाही, वाढ खुंटते. घरचं वापरायचंच तर चांगलं भाजून मग भरडा. शेंगदाणा पेंड स्वस्त मिळाली तरी पावसाळ्यात साठवलेली घेऊ नका, बुरशीचं विष आधी यकृतावर जातं. हाताला ओलसर लागली, कुबट वास आला की परत करा.

मोठी कोंबडी बांधून ठेवली तर दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. दिवसभर मोकळी फिरत असेल तर संध्याकाळी ५० ग्रॅम पुरे. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात मिसळू नका. अंडी थांबलेल्या कोंबडीला तेवढा चुना लागत नाही, जिला लागेल ती जाऊन खाईल.

आणि या दिवसांत कोंबडी उगाच धरू नका. नव्या कोंबात रक्त असतं, दाबला की दुखतो आणि मोडला की भळाभळा वाहतो. मोडलाच तर हळद किंवा मक्याचं पीठ दाबून धरा, रक्त थांबेपर्यंत तिला वेगळी ठेवा. बाकीच्यांना लाल दिसलं की त्या सोडत नाहीत.

---

शिराळ्याचा_पाऊस

आमच्याकडे पाऊस संपता संपत नाही. चार कोंबड्यांची मागची जागा उघडी पडलीय, पोटापर्यंत लाल. पिसं चिकट आणि काळपट. कोंब लागत नाहीत. खुराड्यात भुसा आहे. किडे म्हणावे तर दिवसा काही दिसत नाही.

---

कोयनाकाठ (कराड)

@शिराळ्याचा_पाऊस, दोन शक्यता आहेत, दोन्ही तपासा.

पहिली ओल. भुसा मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तो जास्त ओला. खुराड्यात गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळ्यांना झोंबलं तर तिथं अमोनिया साचलाय. उभं राहून वास घेतला तर कळत नाही. त्यावर बसणाऱ्या कोंबडीचं पोट लाल होतं, पिसं गळतात, पायाच्या तळव्याला चट्टे पडतात. सगळा भुसा काढा, जमीन वाळू द्या, चार बोटं कोरडा भुसा टाका, दर दोन दिवसांनी ढवळा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, निम्मी ओल सांडलेल्या पाण्याचीच असते.

दुसरी किडे. चिकट काळपट पिसं ही माइटची (अंगावर राहणाऱ्या अतिबारीक किड्याची) खूण आहे. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा. कोंबडी काखेत धरून मागच्या जागेभोवतीची पिसं फुंकर मारून बाजूला करा.

वाळल्या गवताच्या रंगाचे, दोन-तीन मिलिमीटरचे, उजेड पडताच पळणारे दिसले तर उवा.
मिरपुडीसारखे काळे-लाल ठिपके, हातावर चढणारे, आणि पिसांवर काळं तेलकट किटण, तर अंगावरच राहणारी माइट.
अंगावर काहीच नाही पण तुरा फिका पडलाय, कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला नाखूष आहेत, तर लाल माइट. ती दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त प्यायला येते. बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूवर रात्री पांढरा कागद घासून बघा. लाल रेघा उमटल्या तर खात्री झाली.

हा फरक महत्त्वाचा आहे. उवा आणि अंगावरची माइट असेल तर इलाज कोंबडीवर. लाल माइट असेल तर इलाज खुराड्यावर. नुसती कोंबडी धुवून लाल माइट कधीच जात नाही. ती उपाशीपोटी कित्येक महिने जगते, म्हणून रिकाम्या खुराड्यावरही विसंबू नका.

---

मिरज_पशुवैद्य

वरच्याला पुस्ती जोडतो.

औषध मारलं तरी लिखा मरत नाहीत. म्हणून ७ ते १० दिवसांनी दुसरा हात द्यायलाच लागतो, नाहीतर तीन आठवड्यांत पुन्हा तितक्याच उवा. कळपातल्या सगळ्या कोंबड्यांना एकाच रात्री द्यायचं. एक सुटली तर तिच्यापासून पुन्हा सुरुवात.

गोठ्यातलं गोचीडाचं औषध तसंच्या तसं कोंबडीवर ओतू नका. फवारणी खुराड्यावर करायची असेल तर कोंबड्या, अंडी, खाद्य, पाणी बाहेर काढा, लेबलावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळा, फटी आणि दांडीची टोकं भिजतील असं मारा, पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत घ्या. अंगावर लावायची पावडर कोणती आणि किती ते आमच्या दवाखान्यात किंवा तुमच्या तालुक्यात विचारून घ्या. घरात अंडी खाल्ली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन शेळीसाठी आणलेलं उरलं की लोक कोंबडीला पाजतात. त्यानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. शिवाय पिसं खाणाऱ्या उवांवर ते कमी पडतं. कारण न ओळखता दिलं तर औषध वाया आणि अंडीही वाया.

---

माणदेशी_कुक्कुट (दहिवडी)

आमच्या कोरड्या पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत, उवांपेक्षा गोचीड जास्त. कोंबडीचा गोचीड वेगळा असतो. चपटा, कातड्यासारखा, मातकट-निळसर. दिवसा मातीच्या भिंतीच्या भेगांत, दारावरच्या तुळईत, सालीच्या खाली बसतो. रात्री येऊन रक्त पितो आणि परत जातो. त्याची पिल्लं मात्र काही दिवस कोंबडीच्या अंगाला चिकटून राहतात. पंखाखाली काळपट-लाल, तिळाएवढे फोड दिसतात आणि लोकांना ते देवीचे (कोंबड्यांच्या फोडांच्या आजाराचे) वाटतात. नखाने उचलून बघा, पाय हलतात.

याला हलकं घेऊ नका. याच्यामुळे ताप आणणारा रक्ताचा आजार पसरतो, कोंबडी हिरवं हगते, लुळी पडते. न खाता हा वर्षानुवर्षं जगतो. भिंतीच्या भेगा शेण-मातीनं नव्हे, सिमेंट-वाळूनं बुजवा, वरून चुना मारा. दांड्या भिंतीला टेकवू नका. चार पायांचा मोकळा घोडा करून त्यावर दांडी बसवा आणि प्रत्येक पाय जुन्या तेलाच्या वाटीत ठेवा. वाटी अशी ठेवा की कोंबडीचा पाय तिच्यात पडणार नाही.

दुसरी चिकट पिसू. डोळ्याभोवती, तुऱ्यावर, चोचीखालच्या लोंबत्या पाळ्यांवर काळ्या ठिपक्यांचा झुबका बसतो आणि हलत नाही. ओढू नका, कातडी फाटते. झुबक्यावर व्हॅसलिनचा जाड थर द्या, डोळ्यात जाऊ देऊ नका. श्वास कोंडून सुटतात, मग चिमट्यानं काढा. तिची अंडी खालच्या मातीत पडतात, म्हणून खुराड्याची वरची दोन बोटं माती खरवडून लांब टाकायची.

धुळीत लोळण्याची जागा द्या. फुटलेलं मोठं घमेलं किंवा टायर, त्यात वीतभर बारीक कोरडी माती आणि वाळू, वर दोन ओंजळी चुलीची चाळलेली राख. कोंबडी स्वतःच बरेच किडे झाडते.

---

शिराळ्याचा_पाऊस

कागद लाल झाला. भुसाही ओला होता. दोन्ही करतोय. राख मात्र आमच्याकडे पावसात भिजतेच.

---

कोयनाकाठ (कराड)

मग राख घालू नका. ओली राख झोंबते, आधीच सोललेल्या कातडीवर भाजल्यासारखं होतं. पत्र्याच्या छपराखाली कोरडी माती ठेवलीत तरी चालेल.

दांड्या बाहेर काढून उकळतं पाणी ओता, विशेषतः टोकांवर आणि खिळ्यांपाशी. सालीची दांडी असेल तर बदला, साल म्हणजे माइटचं घर. मग डॉक्टरांनी सांगितलेली फवारणी. आठ दिवसांनी पुन्हा कागद घासा.

---

पलूस_परसबाग

कोंबड्यामुळे झालेल्या पाठीबद्दल कुणी बोललं नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. दोन ठेवले की लाडक्या दोन-तीन कोंबड्यांची पाठ सोलून निघते. पाठीवर खुंट, मानेच्या मागे खुंट, पंखाखाली नखाचा ओरखडा, ही त्याची खूण. पंखाखाली चिरलेलं असेल तर कापडी जाकीट घाला किंवा कोंबडा महिनाभर वेगळा ठेवा. कोंबड्याच्या आरेचं (पायामागच्या नखीचं) टोक कानशीनं बोथट करा, मुळापाशी रक्त असतं तिथपर्यंत जाऊ नका. पाठीवरची पिसं लगेच येणार नाहीत हे धरून चाला, खुंट पुढच्या गळीलाच पडतील.

टोचाटोचीचं कारण बहुतेक दाटी असतं. आत एका कोंबडीला किमान दोन चौरस फूट, बाहेर आठ-दहा, दांडीवर वीतभर. खाद्याची भांडी दोन ठेवा, एकमेकांपासून लांब, म्हणजे दबलेली कोंबडीही खाते. मेथी-पालकाची जुडी कोंबडीच्या डोक्याच्या जरा वर टांगली की चोचीला काम मिळतं. जखम झालेली आधी बाजूला घ्या, पोव्हिडोन आयोडीन लावा, खपली सुकून लाली गेल्यावरच सोडा.

---

गावरान_तासगाव

पाय खरखरीत झालेत, खवले वर उचललेत, पांढरं चुन्यासारखं साचलंय. आमच्या शेजारी रॉकेल लावतात.

---

मिरज_पशुवैद्य

खवल्यांखाली राहणारी माइट आहे ती. रॉकेल, डिझेल लावू नका, कातडी जळते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशनं अलगद घासा, खवला ओढून काढू नका. पुसून खोबरेल किंवा व्हॅसलिन भरपूर चोळा, खवल्यांच्या खाली जाईल असं. एक दिवसाआड, दोन-तीन आठवडे. हा किडा आयुष्यभर अंगावरच राहतो, त्यामुळे एका कोंबडीकडून दुसरीकडे हळूहळू जातो. जिचे पाय चांगले दिसतात तिलाही लावा. वाकडे झालेले खवले नंतरच्या गळीत सुधारतात, लगेच नाही. चालताना लंगडत असेल, बोटं सुजली असतील तर दाखवून न्या.

पिवळे पाय फिके पडले म्हणूनही बरेच जण विचारतात. मक्यातला पिवळा रंग अंड्याच्या बलकात जातो, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीचा रंग उतरतो. आधी मागच्या जागेचा, मग डोळ्याच्या कडेचा, कानाच्या पाळीचा, चोचीचा बुडापासून टोकाकडे, शेवटी पायांचा. अंडी थांबली की त्याच क्रमानं परत येतो. पाय फिके आणि तुरा लालभडक असेल तर ती चांगली अंडी देतेय. पाय फिके आणि तुराही फिका असेल तर रक्त कमी झालंय, माइट किंवा जंत बघा.

तुरा निळा-जांभळा झाला, चेहरा सुजला आणि एक-दोन दिवसांत कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर घरी कापून बघू नका. मेलेली उघड्यावर फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.

---

माणदेशी_कुक्कुट (दहिवडी)

तुऱ्यावर पांढरं पीठ पडल्यासारखं दिसलं तर तो बुरशीचा गजकर्ण. देवी वेगळी, त्यात आधी फिकट फोड, मग पिवळट, मग काळी-तपकिरी खरबरीत खपली. तुरा, पाळ्या, डोळ्याची कड, चोचीचे कोपरे, म्हणजे जिथं पीस नाही तिथं. देवीवर काही द्यायचं का?

---

मिरज_पशुवैद्य

विषाणूवर औषध नाही. खपली काढू नका. कातडीवरची देवी साधारण तीन-चार आठवड्यांत आपणहून सुकते. डोळा चिकटला असेल तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं पुसा, कारण न दिसल्यामुळे कोंबडी उपाशी मरते. तिला हातानं भिजवलेला भरडा द्या. तोंड उघडून बघा. जिभेवर, घशात पिवळा दह्यासारखा थर असेल आणि श्वास घरघरत असेल तर तो वाईट प्रकार, लगेच घेऊन या.

डास हे याचं मुख्य वाहन, म्हणून पावसाच्या शेवटी जास्त. खुराड्याशेजारचं साचलेलं पाणी काढा, जाळी लावा. गळून पडलेल्या खपलीतला विषाणू महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे अंथरूण जाळा.

---

पलूस_परसबाग

लस इथं गावात एकट्यानं घेणं परवडत नाही, कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात. आम्ही पाच-सहा घरं मिळून घेतो. सर, तारखा कशा धरायच्या?

---

मिरज_पशुवैद्य

देवीची लस ६ ते ८ आठवड्यांच्या तलंगांना (वाढत्या पिल्लांना), मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) त्याच वयातल्या लसीनंतर दोन आठवड्यांचं अंतर ठेवून. तुमच्याकडे डास जुलैपासून वाढतात, म्हणून जूनमध्येच उरका. आजारी, जंताळलेली, नुकतीच प्रवास करून आलेली पिल्लं वगळा.

कुपी बर्फात आणा, सोबतच्या द्रावणात मिसळल्यापासून दोन तासांत संपवा. म्हणून सगळ्या घरांची पिल्लं आधी टोपलीत धरून तयार ठेवा, मगच कुपी फोडा. पंखाच्या पातळ पडद्याची पिसं बाजूला करा, शीर टाळा, दोन टोकांची सुई बुडवून आरपार एकदाच टोचा. पिसांवर औषध पुसलं गेलं तर ती मात्रा वाया.

सात ते दहा दिवसांनी प्रत्येक घरातली काही पिल्लं धरून पंख बघा. टोचल्या जागी छोटी गाठ आणि खपली आली तर लस लागली. एकालाही नाही आली तर बर्फ वितळला होता किंवा वेळ गेली होती, पुन्हा करावी लागेल. रिकामी कुपी आणि सुई उकळून मगच टाका, कारण ती लस जिवंत विषाणूची असते.